नववा प्रश्न, सक्तीचा

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं बाई. वर्षातून एकदा प्रत्येकाने आपल्या कामाबद्दलची प्रश्नावली संगणकावर भरायची असे, आणि भरून झाली की बाई तिला कुलूप घालत. मग कोणी कितीही गयावया केली तरी कुलूप उघडत नसे. एक फोरमन तर म्हणाला होता, "बाई, स्वर्गाच्या दाराशी तुमची नेमणूक झाली तर आमचं काही खरं नाही." त्यावर बाई हसल्या नव्हत्या. घरी गेल्यावर मात्र हसल्या, पण तिथे ते हसू बघायला कोणी नव्हतं. आई गेल्यापासून दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत. धाकटी बहीण रविवारी फोन करी आणि स्वतःच्या मुलांबद्दल भरभरून बोले.

बाईंचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: लोकांनी भरायला घेतलेल्या प्रश्नावलीला हात लावायचा नाही. निम्म्यांनी एका प्रश्नाला उत्तर दिलं आणि निम्म्यांनी दुसऱ्याला, तर तुलना कशाची करणार? बदल हवाच असेल तर पुढच्या वर्षी. फारच नड असेल तर नवी आवृत्ती काढायची, आणि ज्यांचं भरून झालंय त्यांना जुन्या आवृत्तीवरच ठेवायचं. शिवाय प्रत्येक बदलापुढे कारण लिहायचं. कारणाचा रकाना बाईंनी कधी रिकामा सोडला नव्हता.

यंदा नवे साहेब आले. वयाने भाच्याएवढे, पण उत्साह असा की खुर्चीत बसवत नाही. निम्म्या लोकांचं भरून झालेलं असताना त्यांना नववा प्रश्न सुचला: 'तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एका सहकाऱ्याचं नाव लिहा.' त्या सहकाऱ्याला आपोआप निरोप जाणार आणि त्याने चार ओळी लिहायच्या.

"आणि सक्तीचा करा हं, बाई. नाहीतर लोक सोडून देतात."

बाईंनी नियम सांगितला. साहेबांनी तो मान डोलावत ऐकला आणि म्हणाले, "मग आजच करून टाका."

बाई जागेवर येऊन बसल्या. बदल करण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या स्वभावात बसणारी नव्हती. आपली स्वतःची जुनी प्रश्नावली घाईघाईने भरून टाकली आणि कुलूप घातलं. सुटले, असं त्यांना वाटलं. कशातून सुटले, ते मनात आणायचं त्यांनी टाळलं.

पण संध्याकाळी साहेबांनी दारातूनच हाक दिली, "भरून झालेले फॉर्मही सगळे उघडा. नववा प्रश्न प्रत्येकाला हवा."

झालं. आता पळायला जागा उरली नाही. इतक्या वर्षांत अख्ख्या कारखान्याची उत्तरं बाईंच्या हाताखालून गेली होती. कोण कोणावर जळतो, कोणाला बढती हवी, सगळं त्यांना पाठ. त्यांना मात्र कोण ओळखत होतं? नोकरीला लागल्यापासून एवढं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पुष्कळ विचार करून त्यांनी स्टोअरकीपरचं नाव लिहिलं. कँटीनमध्ये बंद पंख्याखालच्या टेबलावर ते दोघे वर्षानुवर्षं समोरासमोर जेवत. त्या टेबलावर दुसरं कोणी बसत नसे. बोलणं म्हणजे "आज उकडतंय" आणि "हो ना" एवढंच. पण तो संत्रं सोलायचा आणि चार फोडी न विचारता बाईंच्या डब्याच्या झाकणावर ठेवायचा. एवढ्यावर एक नाव चालून जायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टोअरकीपर वरच्या मजल्यावर, बाईंच्या कामाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो कधी वर येत नसे.

"बाई, जरा काम होतं. तुमच्या त्या फॉर्मात घोळ झालाय वाटतं. तुमच्याबद्दल चार ओळी लिहा म्हणून मला निरोप आलाय."

"हं."

"बदल करताना इकडचं तिकडे गेलं असेल. नाहीतर माझं नाव कोण कशाला घालेल? म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. आजवर त्यांच्या कामात घोळ निघाला नव्हता आणि निघालाच असता तर त्या भांडल्या असत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "चूक झाली. दुरुस्त करते."

"होतं कधी कधी," असं म्हणून तो खाली गेला.

आपल्या, अजून कुलूप न घातलेल्या प्रश्नावलीतून त्यांनी नाव पुसलं. लगेच चौकट लाल झाली: 'हा प्रश्न सोडता येणार नाही.' ती सूचना त्यांनीच लिहिलेली होती, आणि आता ती त्यांच्यावरच डोळे वटारत होती. मग कोणालाही न विचारता त्यांनी चालू प्रश्नावलीला हात घातला आणि नवव्या प्रश्नाची सक्ती सगळ्यांसाठी काढून टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'एका कर्मचाऱ्याला नाव सुचत नव्हतं.' उद्या साहेब ओरडणार, हे त्यांना माहीत होतं. आपली प्रश्नावली त्यांनी नववी जागा कोरी ठेवून पाठवली आणि तिला कुलूप घातलं.

सुटायच्या वेळी अडकलेल्या प्रश्नावल्या येऊ लागल्या. त्यांत स्टोअरकीपरचीही होती. कुलूप घालण्याआधी बाईंनी सवयीने ती वरपासून खालपर्यंत पाहिली. पहिले आठ प्रश्न त्याने आदल्या दिवशीच नीट भरले होते. तेव्हापासून त्याचं घोडं नवव्यावर अडलं होतं, आणि आता सक्ती उठताच त्याने ती जागा कोरी सोडून फॉर्म पाठवला होता.

माझं नाव कोण कशाला घालेल, असं तो म्हणाला होता. बाईंनी दुपारी त्यातला घोळच तेवढा ऐकला होता.

त्यांनी स्टोअरला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तो घरी गेला होता.

मग बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा, घातलेलं कुलूप स्वतःसाठी उघडलं. नवव्या प्रश्नापुढे त्याचं नाव पुन्हा लिहिलं आणि फॉर्म पाठवला. निरोप गेला. तो त्याला सकाळी दिसणार होता. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'घोळ झालेला नाही.' उद्या त्याने पुन्हा विचारायला वर यावं, असं त्यांना फार वाटत होतं.