धनुष्यावरचा भाता

आठवीची सहामाही झाली आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढची काही वर्षं गावातच, जंगलाकाठी गेली. मग पुण्यात, सदाशिव पेठेतल्या तिरंदाजीच्या सामानाच्या दुकानात लागले. मला शिवण येतं एवढ्यावर सरांनी ठेवून घेतलं. सर म्हणजे दुकानाचे मालक. स्पर्धेतल्या मुलांना शिकवतातही. मुलांचे कमरेला बांधायचे भाते उसवले की मी शिवून देते. सर ओरडत नाहीत, जेवलीस का विचारतात. कोणी असं विचारलं की मला आधी भीती वाटते, मग डोळ्यांत पाणी येतं.

दर शनिवारी कुलूप काढताना ते विचारायचे, "वडिलांचा पाय कसा आहे?"

मी म्हणायचे, "तसाच आहे, सर."

झाडावरून पडले, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण सगळं सांगितलं नव्हतं. सरांना शिकारीचा तिटकारा. पाखरं मारायला धनुष्य मागणाऱ्या एकाला ते म्हणाले होते, "आपण चुकून आत आलात. दार मागेच आहे." तो गेल्यावर मी कितीतरी वेळ सुई ओवत बसले होते. दोरा जातच नव्हता.

गेल्या थंडीत एक आजोबा आले. मुलगा परदेशात असतो, तिथे परवाना काढून हरणांची शिकार करतो. त्याच्यासाठी धनुष्यालाच बसवायचा भाता हवा होता.

"तिकडे मिळत नाहीत का भाते?" सरांनी विचारलं.

"मिळतात. पण पुढच्या महिन्यात जातोय, आणि मागच्या वेळी मी थालीपीठाची भाजणी नेली होती. सूनबाईंनी ती कुत्र्याला घातली. म्हणून म्हटलं, या वेळी उपयोगाचं काहीतरी न्यावं."

सरांना हसू आवरलं नाही. परवाना आहे म्हटल्यावर ते राजी झाले, पण मनापासून नव्हे. मुलांसाठी मागवलेल्या मालात असे दोनच भाते आले होते. ते त्यांनी काउंटरवर ठेवले. एक हलका, देखणा: खाली बाण पकडायच्या रबरी खाचा आणि वर टोकं अडकवायला नुसती उथळ कडी. दुसरा जड: वर वाडग्यासारखं खोल टोपण, आत फोम.

"हा हलका घ्या. धनुष्यावर वजन वाढलं की नेम हलतो," सर म्हणाले. त्यांनी आमच्याकडचे चार बाण त्यात बसवून, धनुष्याला लावून दाखवले. गच्च बसले. आमच्या बाणांची टोकं पेन्सिलीसारखी असतात, निशाणाच्या गादीत शिरण्यापुरती.

आजोबांनी फोनवर मुलाचा फोटो दाखवला. हातात धनुष्य, आणि बाणांना तीन-तीन पाती. दाढीच्या ब्लेडसारखी चकाकत होती.

बा धनुष्य ज्या हातात धरायचा त्याच हातात दोन बाण धरायचा. आमच्या गावाकडे भाता नसतोच. निघताना टोकांना पळसाची पानं गुंडाळून सुतळी बांधायचा. "टोकं झाकाचं, मंग चालाचं," म्हणायचा. त्या दिवशी रानडुक्कर दिसलं म्हणून त्याने पानं काढली, ते निघून गेलं, आणि पुन्हा न बांधताच तो झाडावरून उतरायला लागला. पाय निसटला, खाली पडला आणि पातं मांडीत गेलं. जंगल खात्याला कळेल म्हणून दोन दिवस आम्ही त्याला दवाखान्यात नेलं नाही. जखम चिघळली. पाय गुडघ्यात वाकेना. दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा मी गेले नाही. मी त्याला उठवत-बसवत होते.

आजोबा पाकीट काढत होते. मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळणार नव्हतं. माझी नोकरी राहिली असती. तो मुलगा कुठल्या तरी बर्फाळ रानात घसरला असता, तरी मला कोण सांगायला येणार होतं?

"सर, हा नको."

"का गं?"

"उथळ आहे. पाती कडीच्या बाहेर राहतील. चालताना माणूस पडला तर त्यालाच लागतील."

"तुला काय माहीत?"

मी शिवायला घेतलेला भाता खाली ठेवला. "बाच्या मांडीत बाण गेला होता."

सर माझ्याकडे वळले. "ते झाडावरून पडले होते ना?"

"पडले. बाणावर पडले. डुकराच्या मागे गेले होते."

आजोबांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हलका भाता बोटाने बाजूला सरकवला. "जड तर जड. माझा मुलगाही काही हलका नाही. हाच बांधून द्या, बाई."

मी बांधून दिला. सुतळीची गाठ दोनदा सुटली.

मला वाटलं, आता सर म्हणतील, दार मागेच आहे. ते म्हणाले नाहीत. संध्याकाळी फक्त म्हणाले, "उद्या लवकर ये, माल यायचाय." मी लवकर गेले. अजूनही जाते. पगार तोच, जेवलीस का हेही तसंच. हे उपकार मी विसरत नाही.

पण पुढच्या शनिवारी कुलूप काढताना त्यांनी बाच्या पायाचं विचारलं नाही. त्यानंतरच्याही नाही. मी अजून शनिवारी मागे जराशी थांबते, कुलूप निघून शटर वर जाईपर्यंत. मग आत जाऊन शिवायला बसते.