बादलीवर तीन टकटक

तोंड उघडलं ते मी. आणि उघडलं कुठे, तर गावच्या गरम पाण्याच्या कुंडात! सकाळी सातला अर्धं गाव तिथे गळ्यापर्यंत बुडून उरलेल्या अर्ध्या गावाबद्दल बोलत असतं. वाफेत सगळी डोकी सारखीच दिसतात. समोरचं डोकं आपल्या मालकाचं आहे, याचं भानच राहत नाही.

"पिल्लू खायला लागलंय," मी म्हणालो. "बारा दिवस झाले. हाफलिदीच्या हातून रोज वीस किलो!"

मला म्हाताऱ्याचं कौतुक करायचं होतं. शेजारी बसलेल्या हाफलिदीने डोळे मिटून घेतले.

"अरे वा!" ब्यार्टमार म्हणाला. मालक तोच. "मग खाण्याच्या पाटीवर रोज शून्य लिहायला तुला कोणी शिकवलं, हाफलिदी?"

"तिच्या आईने."

"आईचं नाव तू काढू नकोस. जाळ्याची कड तूच खाली सोडलीस."

"म्हणून तर."

खरं होतं ते. हाफलिदी चाळीस वर्षं हेरिंग मासळीच्या बोटींवर होता. एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबरात त्यांच्या जाळ्यात ओर्का देवमाशांचं अख्खं कुटुंब सापडलं. मोठ्यांना कोण घेणार? पिल्लं न्यायला सोपी, शिकवायला सोपी, आणि परदेशातले खेळवाले त्यांनाच भाव देतात. हाफलिदीने कड सैल केली, आई बाहेर गेली, पिल्लू आत राहिलं. आई बंदराच्या तोंडापर्यंत बोटीमागे आली. त्यानंतर हाफलिदी बोटीवर चढला नाही. टाकीच्या शेडमध्ये त्याने काम मागून घेतलं. लोक म्हणाले, "कोळ्याची दाई झाली!"

टाकी बारा मीटरची, पिल्लू तीन मीटरचं. ते डावीकडूनच गोल गोल फिरायचं आणि मेलेल्या माशाला तोंड लावायचं नाही. ब्यार्टमारने सांगून ठेवलं होतं, "महिनाअखेरपर्यंत खाल्लं नाही, तर समुद्रात सोडू. उपाशी माल कोण घेतो?" आदल्या वर्षी एकाला त्याने असं सोडलंही होतं.

शेडमध्ये मी हाफलिदीच्या हाताखाली होतो. तो बादलीवर तीनदा टकटक करायचा, पिल्लू यायचं, खायचं, आणि संध्याकाळी पाटीवर शून्य. ते शून्य मी रोज पाहत होतो. म्हाताऱ्याला लिहायचा कंटाळा, एवढंच मला वाटलं. इतकी माझी हुशारी!

कुंडातून घरी जाताना तो म्हणाला, "उपाशी ठेवली असती तर मेली असती. खाते हे कळलं, आता विकली जाणार. मधे आठ दिवस उरले होते रे." थोडं चालून पुन्हा म्हणाला, "तुझं सगळं शिक्षण तोंडातच गेलं."

ब्यार्टमारने पिल्लासोबत पाठवायचा कागद माझ्याकडूनच लिहून घेतला, कारण अक्षर चांगलं. वय, लांबी, वजन. खायला घालण्याची पद्धत: बादलीवर तीन टकटक.

न्यायच्या दिवशी तिला झोळीत घालून बर्फाच्या पेटीत ठेवलं. विमानतळापर्यंत आम्ही दोघं तिच्या पाठीवर पाणी ओतत होतो. माझी बोटं वळेनात. हाफलिदीने आपले लोकरी हातमोजे काढून माझ्या अंगावर फेकले. बोटीवरचे, प्रत्येकाला दोन्हीकडे अंगठा. एक बाजू झिजली की फिरवून दुसऱ्या बाजूने घालायचे.

"परत दे," एवढंच म्हणाला आणि उघडा हात तिच्या डोळ्यामागे ठेवून बसला. ती वाटभर ओरडत होती. मग थांबली. थांबली ते जास्त वाईट होतं.

वसंतात माझ्या मावशीचं पत्र आलं. परदेशात ती मुलांना घेऊन खेळ बघायला गेली होती. 'तुमच्याकडचं पिल्लू काय हुशार आहे! माणूस बादलीवर तीनदा वाजवतो आणि ते हवेत उडी मारतं. पोरं टाळ्या वाजवून दमली.'

मोजे मी धुऊन, वाळवून ठेवलेत. हाफलिदीचं दार चार घरं सोडून आहे. मोजे दिले की तो विचारणार, तिची काही खबर? आणि खोटं बोलणं मला त्याच्याइतकं जमत नाही. दोनदा फाटकापर्यंत गेलो, दोन्हीदा मोजे खिशात घालून परतलो.

परवा तो रस्त्यात भेटला. थंडी चांगलीच होती, आणि त्याचे हात उघडे होते.