वाटूरच्या मास्तरांची चार वाक्यं

आम्ही जुने वर्गमित्र अंबडच्या बाजारात भेटलो की चहा गार होतो. एकानं मास्तरांचा एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात!

मास्तर वाटूरचे, शेतकऱ्याच्या घरातले. निजामाच्या राज्यात आमचं सगळं शिक्षण उर्दूत, त्यात हे इंग्रजी शिकवायचे. सांगणारं, विचारणारं, हुकूम करणारं, नवल करणारं अशी चार प्रकारची वाक्यं. अट एकच. "वाक्य सोताचं पाहिजे, अन् खरं पाहिजे!"

*

नामदेवानं पहिल्याच दिवशी लिहिलं, 'माय फादर इज अ रिच मॅन.'

"बैल किती रे घरी?"

"एक, सर."

"मंग तेच लिही की!"

नामदेवानं खोडून लिहिलं, 'माय फादर हॅज वन बुलक.' मास्तर खूश झाले. तेवढ्यात त्यालाच काय वाटलं कुणास ठाऊक, खाली आणखी एक ओळ आली. 'अंकल हॅज द अदर.'

मास्तरांनी ती पाटी हेडमास्तरांना नेऊन दाखवली.

*

हुकमाच्या तासाला उलटंच असायचं. हुकूम आम्ही करायचा आणि मास्तरांनी पाळायचा. "सिट डाऊन, सर!" म्हटलं की बसायचे, "स्टँड अप!" म्हटलं की उठायचे.

मला एकदा मस्ती आली. म्हटलं, "गो होम, सर!"

मास्तरांनी टोपी घातली आणि निघाले! आम्ही हसतोय, ते फाटकापर्यंत पोचले. मग मात्र तंतरली. सगळा वर्ग मागे धावला, "कम बॅक, सर! कम बॅक!"

ते शांतपणे वळले. "प्लीज ऱ्हायलं."

*

सखारामच्या घरी मेंढरं. वर्षभर त्यानं नवलाचं एकही वाक्य केलं नाही. "मला नवल वाटलंच न्हाई, सर. खोटं कसं लिहू?"

दुसऱ्या कुणी छडी काढली असती. मास्तर म्हणाले, "बराबर आहे. वाट बघू."

एका सकाळी सखाराम घंटेच्या आधीच धापा टाकत आला, दारातूनच ओरडला, "टू लॅम्ब्ज, सर! टू!"

मास्तरांनी वर्गाला गूळ वाटला. असा माणूस मी पुढं पाहिला नाही.

*

मास्तरांची नोकरी तीन वर्षं कच्ची होती. त्या वर्षी इन्स्पेक्टर साहेबांचा शेरा चांगला आला तरच ती पक्की होणार, नाहीतर वाटूरला परत. हे सगळ्या वर्गाला माहीत. तपासणीच्या दिवशी आम्ही आंघोळी करून, तेल लावून बसलो होतो.

साहेबांनी नामदेवाला उठवलं. "विचारणारं वाक्य बनाओ."

नामदेवानं क्षणभर मास्तरांकडे पाहिलं. "सर, व्हाय कॅन वुई नॉट लर्न इन मराठी?"

हा सवाल त्या दिवसांत लोक घरातसुद्धा दार लावून विचारायचे. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

"ये किसने सिखाया?" साहेबांचा आवाज चढला.

मास्तर पुढं आले, नामदेवाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "मी शिकवलं, साहेब. वाक्यात गलती आहे का?"

साहेबांनी ते वाक्य स्वतःशी पुटपुटून पाहिलं. मग म्हणाले, "गलती तो कोई नहीं."

"मंग मार्क द्या त्याला!"