सासऱ्यांनी दिलेला नंबर

आमच्या सासऱ्यांइतका नंबरांवर जीव असलेला माणूस उभ्या सोलापुरात दुसरा झाला नाही. उसाचा हंगाम आला की ते माळशिरसकडच्या एका कारखान्याच्या गाडीतळावर बैलगाड्यांना नंबर द्यायला जात, आणि हंगाम संपला की सोलापुरात घरच्यांना देत. त्यांचा नियम साधा होता. रोज सकाळी नंबर नव्यानं एकपासून सुरू. पण एखाद्या गाडीतला ऊस काल तोडलेला असेल, तर ती आज तोडलेल्या उसाच्या आधी, मग गेटावर कितीही उशिरा येवो. “गेटावर कवा आली त्याला काय करायचं? ऊस वाळतोय तोडल्यापासनं,” असं ते म्हणत.

घरी पाहुण्यांना आंघोळीचं पाणीही याच हिशेबानं मिळे. दारात आलेल्याला सगळं जग “कधी आलात?” विचारतं, हे विचारत, “निघालात कवा?” एकदा मंगळवेढ्याचा पाहुणा वाटेत एसटी बिघडल्यामुळे कालचा निघून आज दुपारी पोचला, तर त्याचा नंबर सकाळपासून खांद्यावर पंचा टाकून बसलेल्या सख्ख्या मेहुण्याच्या आधी लागला. मेहुणा रुसला आणि पारोसाच अक्कलकोटला परत गेला. सासऱ्यांना फार वाईट वाटलं, पण नियम काही बदलला नाही.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हा मी त्यांचा जावई नव्हतो. शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारा, भूगोल शिकवणारा मास्तर होतो. त्यांची मुलगी मला आवडत होती आणि हे जगात माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही, अशी माझी पक्की समजूत होती. वर्गात मी नद्यांचे उगम घडाघडा सांगे, पण तिच्यासमोर माझ्या तोंडून धड वाक्य फुटत नसे. म्हणून मी एक युक्ती काढली. सकाळी त्यांच्याकडून सायकलचा पंप मागून न्यायचा आणि संध्याकाळी परत करायला जायचं, म्हणजे दोन्ही वेळा तीच दार उघडे. या हुशारीबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत महिनेच्या महिने घालवले.

मग एका रविवारी कळलं, की दुधनीच्या अडत्याच्या मुलाचं स्थळ आलंय आणि सासरे उद्या होकार द्यायला निघणार आहेत. मी इस्त्रीचा शर्ट घातला, एक बाणेदार भाषण पाठ केलं आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. समोर सासरे दिसताच भाषण पार विसरलो आणि पंप मागितला.

“हातातच हाय की तुमच्या,” ते म्हणाले.

मग मात्र मी डोळे मिटून, तुमच्या मुलीशी लग्न करायचंय, असं सांगून टाकलं. त्यांनी सावकाश चष्मा पुसला. “तुमी दुसरे, मास्तर. दुधनीवाले आधी आल्यात.”

संपलंच, म्हणून मी मागं फिरलो, तेवढ्यात ते म्हणाले, “थांबा. गेटावर आज आला ते दिसतंय मला. पर मनात कवा आलं?”

सारा जन्म पणाला लागलेला, आणि मी पंपाकडे बघत उभा.

आतून तिचा आवाज आला, “बाबा, त्यांच्याकडं सायकल न्हाई.”

“मग पंप?”

“दिवाळीपासनं नेत्यात.”

आपल्याकडे सायकल नाही, ही गोष्ट खरं सांगतो, तोवर माझ्याही ध्यानात आली नव्हती! सासरे पोट धरून हसले. “मग मास्तरांचा नंबर पयला. लई वाळलं बिचारं.” आणि आत वळून म्हणाले, “काय गं, बरोबर हाय का नंबर?”

“बरोबर हाय,” ती म्हणाली.

लग्नात त्यांनी मला तो पंप आहेर केला.

पुढं आम्ही बार्शीला राहायला गेलो. सासरे गेल्यावर त्यांच्या घरी आता कुणीही कधीही आंघोळीला जातं, भांडण होत नाही. परवा मी तिकडे गेलो. पहाटेच निघालो होतो, वाटेत एसटी बंद पडली आणि पोचायला दुपार टळून गेली. बायकोच्या भावानं हसून दार उघडलं. “कधी आलात?”

“हा काय, आत्ताच,” मी म्हणालो आणि पायरीवर बसून उगाच बराच वेळ चपला काढत राहिलो. निघालो कधी, ते मला फार सांगायचं होतं.