समासातला हशा

श्यामलाताई उपासनींना कुणी टीचर म्हटलं की त्या लगेच दुरुस्त करत, "टीचर नाही हो, मी नोट-टेकर." कार्डिफच्या एका शाळेत ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्या शेजारी बसायचं आणि शिक्षक बोलतील ते भराभर कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. २००४ च्या सप्टेंबरात त्यांच्या वाट्याला केरिस आली. चौदा वर्षांची, तांबूस केसांची, दोन्ही कानांत यंत्रं. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून तिला निम्मंशिम्मं कळे. पण इतिहासाचे प्रिचर्ड सर एका जागी उभे राहतील तर शपथ. अर्धं वाक्य फळ्याला सांगत, अर्धं खिडकीला.

विषय होता आधुनिक अमेरिकेचा इतिहास. दारूबंदी, शेअरबाजाराची पडझड, बेकारांच्या रांगा, पुढे अलाबामातला बसवरचा बहिष्कार. श्यामलाताईंना स्वतःला हे कधी शिकवलंच नव्हतं. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये त्यांनी ट्यूडर राजे घोकले होते. मात्र सिस्टरांनी एक गोष्ट हाडीमांसी भिनवली होती, उताऱ्याचा सारांश काढणं. एक तृतीयांशात बसवा, फापटपसारा गाळा. त्यामुळे बाक डुगडुगत असला तरी त्यांच्या नोट्स अशा देखण्या की वर्गातली ऐकू येणारी मुलंसुद्धा टेस्टच्या आधी त्या मागायला येत. तारखा लाल शाईत, कारणं ओळीने, एक शब्द जास्तीचा नाही.

आणि तरी एका मंगळवारी केरिसने विषय सोडायचा फॉर्म बाकावर ठेवला. आईची सही झालेली. शुक्रवारपर्यंत ऑफिसात द्यायचा होता.

श्यामलाताईंनी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, "का गं? मागच्या टेस्टमध्ये तुझा दुसरा नंबर आहे."

केरिसने खाली लिहिलं, "ते मला हसतात."

"तुला नाही हसत."

"मग कशाला? काल तीनदा हसले. तुम्हीपण हसलात, मिस."

श्यामलाताईंनी कालचं पान उलटून पाहिलं. दारूबंदीचा कायदा कधी आला, कुणाला हवा होता, का फसला, सगळं जागच्या जागी. हसण्याचा मागमूस नव्हता. आठवून पाहिलं, तर बाथटबमध्ये दारू गाळण्यावरून सर काहीतरी बोलले होते एवढंच. पुढचं काही केल्या आठवेना. खरंच, आपण कशाला हसलो होतो?

संध्याकाळी वरणाला फोडणी देता देता त्यांनी हे कमलाकररावांच्या कानावर घातलं. कमलाकरराव हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतेच रिटायर झाले होते आणि आता स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून असत.

"तू माझं सेंडऑफचं भाषणसुद्धा तीन ओळींत बसवलं असतंस," ते म्हणाले.

"दोन. तिसरीत काही नव्हतं."

"बघ." खुर्ची ओट्याजवळ ओढत ते म्हणाले, "मी इथे नवीन असताना कँटीनमध्ये वर्षभर सगळ्यांबरोबर हसायचो. त्या वेल्श बोलण्यातलं अक्षर कळायचं नाही. पण न हसणाऱ्याकडे लोक बघतात ना."

"अहो, हे कधी सांगितलं नाहीत मला."

"तू गाळलं असतंस."

गुरुवारी श्यामलाताईंनी पानाच्या उजव्या बाजूला चार बोटं समास सोडून रेघ मारली. डावीकडे धडा. उजवीकडे, सिस्टरांनी कान पिळला असता असं सगळं.

"सर: माझी आजी चॅपलमध्ये दारूविरुद्ध गाणी म्हणायची आणि ख्रिसमसच्या केकमध्ये अर्धी बाटली ब्रँडी ओतायची. केकला थंडी वाजते म्हणे. (हशा)"

"मागच्या बाकावरचा उंच मुलगा: सर, रेसिपी आहे? (जास्त हशा)"

"मागच्या भिंतीवरचा रेडिएटर खडखडला. म्हणून सगळ्यांनी मागे पाहिलं. तुझ्याकडे नाही."

केरिस समास वाचत होती. डावीकडे तिचं लक्षच नव्हतं. एवढ्यात सर म्हणाले की बंदीच्या काळात अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची. श्यामलाताईंनी ते डावीकडे लिहिलं, आणि हात आपोआप उजवीकडे गेला.

"आमच्याकडेही होतं. मी लहान असताना पुण्यात दारूबंदी होती. मामाने प्रकृतीच्या कारणावरून परमिट काढलं. घरात सगळ्यांत धडधाकट तोच. परमिटची बाटली आली की संध्याकाळी अख्खी गल्ली त्याच्या प्रकृतीची चौकशी करायला यायची."

केरिस हसली. स्वतःचा आवाज तिला पुरता ऐकू येत नसल्याने ते हसू वर्गभर घुमलं. सगळा वर्ग वळून पाहू लागला. श्यामलाताईंचं पेन थांबलं. हे आपण काय करून बसलो?

प्रिचर्ड सर तिच्या समोर येऊन उभे राहिले, ओठ दिसतील असे. "केरिस, डॉक्टरांनी एवढं काय केलं?"

केरिसने श्यामलाताईंकडे पाहिलं. मग कागद उचलून, उभी राहून, तिने मामाचं परमिट वाचून दाखवलं. वर्गात तिचा आवाज इतका वेळ कुणी ऐकलाच नव्हता. 'गल्ली'पाशी ती अडखळली, पुढे गेली, आणि शेवटच्या ओळीला वर्ग फुटला. मागचा उंच मुलगा तर बाकावर डोकं टेकून हसत होता.

"आजीपेक्षा मामा सरस," सर म्हणाले.

ती खाली बसली तेव्हा श्यामलाताई समासात लिहीत होत्या, "सर: आजीपेक्षा मामा सरस. (मोठा हशा. सगळ्यांच्या आधी तू.)"

फॉर्मचं पुढे काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. शुक्रवारी लिहायला बसल्या तर बाक डुगडुगेना. खाली वाकून पाहिलं. बाकाच्या पायाखाली कागदाची घट्ट घडी सारलेली होती, आणि तिच्या कडेला केरिसच्या आईची अर्धी सही दिसत होती.