अक्कांचा किल्लेदार

"कादंबरी काही मनात भरत नाही बाई," अशी तक्रार कुणी केली, की अक्का एकच प्रश्न विचारायच्या, "कुठवर पोचलीस?"

विसाव्या पानावर, असं उत्तर आलं की संपलंच. नळाला पाणी येण्याआधीच रिकामी घागर घेऊन परत निघालेल्या बाईकडे पाहावं तशा त्या समोरच्याकडे पाहायच्या. "अगं, मोठ्या माणसाच्या घरी गेलं की आधी ओसरीवर बसावं लागतं. बोलावणं आतून येतं. तू चपला घालून निघालीस, यात नुकसान कुणाचं?"

अक्का म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या. लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा चामराजपेठेतल्या त्या घरात आम्ही तिघंच होतो: हे, मी आणि अक्का. ह्यांची आई हे लहान असतानाच गेली होती. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतलेल्या या आत्येनंच ह्यांना वाढवलं. घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडं येऊन स्थिरावलेलं, त्यामुळं अक्कांच्या मराठीत कन्नड शब्द असे बेमालूम मिसळलेले असायचे की पहिले काही महिने मी नुसतीच मान हलवायचे. "स्वल्प थांब" म्हणजे जरा थांब, "सरी, वाढ आता" म्हणजे बरं, वाढ आता, आणि मी फार बडबडायला लागले की "सुम्मने बस गं!" हे शेवटचं म्हणजे गप्प बस, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. रोजच्या सरावानं आलं.

अक्कांनी महाराष्ट्र पाहिला नव्हता. त्यांचा महाराष्ट्र सगळा कादंबऱ्यांतला. गडकोट, बुरूज, चोरवाटा त्यांना आमच्या गल्लीसारख्या पाठ होत्या. मी आले त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तुझ्या घरातनं किल्ला दिसतो म्हणे?"

"गच्चीवरून दिसतो," मी जरा ऐटीत म्हणाले.

"कितींदा चढलीस?"

"एकदाही नाही."

अक्कांनी कपाळावर हात मारला. मग हळहळून म्हणाल्या, "अय्यो! इथं असता तर मी रोज कोथिंबीर आणायला वर गेले असते."

मी स्वतःला वाचणारी समजत होते. माझं वाचन म्हणजे मासिकातल्या गोष्टी, आणि त्यासुद्धा शेवटाकडून. नायिकेचं लग्न होतंय अशी खात्री करून घेतल्याशिवाय मी सुरुवात करत नसे. अक्कांना हे कळलं तेव्हा त्यांना मी जेवणाआधी विडा खाते असं समजल्यासारखं झालं. त्यांनी त्यावर उपाय काढला. मला वाचायला दिलेल्या कादंबरीची पुढची पानं त्या केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं बांधून ठेवायच्या. इकडं फुलं ओवतात ना, तोच दोरा. एवढी पानं वाचून झाली की पुढच्या गठ्ठ्याची गाठ त्या स्वतः सोडणार. आमच्या घरी आलेल्या ह्यांच्या एका मित्रानं असं बांधलेलं पुस्तक पाहून विचारलं होतं, "यात काय वाईट आहे का हो?"

थोर पुरुषांची चरित्रं सांगणाऱ्या, स्फूर्ती देणाऱ्या कादंबऱ्याही त्यांना प्रिय होत्या. त्या तर मला फारच जड जायच्या. नायक गरीब, सत्यवचनी, पहाटे उठणारा. मी जांभई दिली की अक्का म्हणायच्या, "थोर माणूस लहानपणी कंटाळवाणाच असतो. वाढू दे स्वल्प त्याला." आणि खरोखर, कुठल्या तरी दुपारी डाळ निवडता निवडता तो कंटाळवाणा मुलगा मोठा झालेला असायचा, आणि माझ्या सुपातले खडे तसेच राहिलेले असायचे. ते रात्री ह्यांच्या दाताखाली यायचे. "आज पुस्तक रंगलेलं दिसतंय," एवढंच हे म्हणायचे.

अक्का वाचायच्या उजव्या डोळ्यानं. डावा गेलेला होता. त्याची हकीकत मला ह्यांनी सांगितली, तीही घराबाहेर, चालता चालता. घरात तो विषय निघतच नसे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यानंतर दोनच दिवसांनी अण्णा गेले. अण्णा म्हणजे माझे सासरे, अक्कांचे थोरले भाऊ, अगदी अचानक. बातमी लपवायची असं ठरलं होतं, पण ती कशी लपणार? अक्का पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी रडल्या. सगळे ओरडले, रडू नका, डोळा जाईल. त्या थांबल्या, पण टाका सुटायचा तो सुटलाच. डोळा वाचला नाही. "त्यानंतर अक्का अण्णांचं नाव काढत नाही," हे म्हणाले. "रडलीही नाही कधी. आणि आम्हीही नाव काढत नाही."

मला आठवलं, घरात अण्णांचा फोटो होता, पण ह्यांच्या कपाटात, आतल्या बाजूला.

पुढं उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरला. तो पिकेपर्यंत थांबायचं, अशी तेव्हा रीत होती. पण पिकला तरी अक्का शस्त्रक्रियेचं नाव काढू देईनात. "एक घालवला, पुरे." त्या अंदाजानं स्वयंपाकघरात वावरायच्या आणि मी त्यांना दुपारी वाचून दाखवायचे. त्यांना पटायचं नाही. "तू धावतेस. वाक्याच्या टोकाला जाऊन उभी राहतेस आणि मला हाका मारतेस."

मग इथल्या मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटात एक नवी कादंबरी आली. चांगली उशीएवढी जाड, एका किल्लेदाराची. ह्यांनी ती आणून अक्कांच्या हातात दिली. त्यांनी ती हुंगली, कडेवरून बोट फिरवलं, पहिलं पान डोळ्याशी नेलं, लांब धरलं, उजेडात धरलं. मग मिटून मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "सरी. विचार डॉक्टरांना कधी या म्हणतात."

शस्त्रक्रिया चांगली झाली. पण खरी परीक्षा नंतरचीच असायची. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं, निश्चल पडून राहायचं. डॉक्टर करड्या आवाजाचे होते. ते कन्नडमध्ये म्हणाले, "हसायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. आणि रडायचं तर अजिबात नाही. हा एकच उरलाय." मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांचं मन रमेल असं काही करा. पण फार रमायला नको."

फार न रमवणारी गोष्ट! माझ्या मते ऐतिहासिक कादंबरीच्या पहिल्या निम्म्या भागाइतकं गुणकारी औषध दुसरं नव्हतं. मी तो ग्रंथ दवाखान्यात नेला आणि वाचायला सुरुवात केली. किल्ल्याची चढण, किल्लेदाराची वंशावळ, तटाची उंची, दारूगोळा. अक्का शांत पडून ऐकत. शेजारच्या खाटेवर आनेकलची गौरम्मा होती. तिचाही डोळाच, पण पट्टी सुटलेली. तिला मराठी येत नव्हतं. मी थांबले की ती विचारायची, "काय झालं?" आणि अक्का ओठ तेवढे हलवून कन्नडमध्ये सांगायच्या.

"काही नाही झालं अजून. किल्ला चढतोय."

"कालपासून?"

"मोठा किल्ला आहे."

औषध छान लागू पडत होतं. आणि तिथंच माझी जुनी खोड उपयोगी पडली, आयुष्यात एकदाच. अक्कांना डुलकी लागली होती. पुढची पानं बांधायला या वेळी कुणी नव्हतं. मी चाळली. आणि एका प्रकरणाशी अडकले.

वेढा पडतो, आणि किल्लेदार मरतो. तेही पुस्तकाच्या मध्यावरच. शत्रूला कळू नये म्हणून त्याचं मरण लपवायचं ठरतं. किल्लेदाराची बहीण असते. तिनं रडायचं नाही, कारण रडण्याचा आवाज तटाबाहेर जाईल. ती रोज भावाचा फेटा बांधून बुरुजावर उभी राहते, म्हणजे खालून लोकांना वाटावं, किल्लेदार आहे. मी पुस्तक मिटलं. त्या प्रकरणापर्यंत एका दुपारीत पोचलो असतो, आणि पट्टी सुटायला अजून अवकाश होता.

दुसरं पुस्तक आणते म्हटलं तर अक्का संशय घेणार. अर्ध्यात सोडणं तर त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. म्हणून मी त्या किल्लेदाराला जिवंत ठेवायचं ठरवलं. पान तेच धरून मी मनानं रचून वाचायला लागले.

माझ्या कल्पनेची धाव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच. मी किल्ल्यावर कोठार काढलं, कोठारात लोणच्याच्या बरण्या काढल्या. टाक्यावरून पाणी आणणारा एक म्हातारा पखालवाला काढला, आणि त्याचा रेडा. रेडा हट्टी. तो पायऱ्यांवर मध्येच बसायचा. कथा पुढं सरकू द्यायची नव्हती, आणि रेड्याइतकं ते काम कुणी केलं नसतं. एकदा तर भान सुटून मी किल्लेदाराला सकाळची कॉफी दिली.

"कॉफी?" अक्कांचे ओठ हलले.

"काढा," मी म्हणाले. "शाई पुसट आहे."

गौरम्माला मात्र किल्ल्यात आता कुठं रस वाटायला लागला होता. सकाळी मी आले की ती आधी रेड्याची चौकशी करायची. "उठला का?"

"नाही गं," अक्का सांगायच्या.

"त्याच्या शेपटीला पीळ द्या म्हणावं. आमच्याकडं तसंच करतात." मी दुसऱ्या दिवशी शेपटीला पीळ देववला. रेडा उठला. गौरम्माला इतका आनंद झाला की तिनं घरून आलेली केळी वाटली, आणि अक्कांना हसू येतंय असं दिसताच मी घाईघाईनं तटाची डागडुजी काढली. चुना, वीट, चुना, वीट. त्यांचे ओठ पुन्हा सरळ झाले.

पट्टी सुटली त्या सकाळी हे रजा काढून आले होते. डॉक्टरांनी बोटं धरून विचारलं, किती. अक्का म्हणाल्या, "तीन. आणि नखं वाढलीयत." डॉक्टर हसले. ह्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं.

नवा जाड चष्मा यायला पुढं महिना-दीड महिना गेला. तोवर त्यांनी मला पुस्तकाला हात लावू दिला नाही. "आता माझं मी." चष्मा आला, आणि अक्का पुन्हा पहिल्या पानापासून चढायला लागल्या. मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून. तिसऱ्या दिवशी हाक आलीच.

"अगं ए, पखालवाला कुठं आहे यात?"

"पुढं असेल."

"पुढं-मागं सगळं पाहिलं. रेडा पण नाही." चष्म्यामागं तो डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. "लेखकानं चूक केली बघ. एवढा मोठा किल्ला, आणि पाणी वर कोण आणणार?" मग पान उलटत म्हणाल्या, "तुझं वाचन सुधारलं होतं तिथं. धावत नव्हतीस."

भाजी करपतेय म्हणत मी आत पळाले.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. बाहेरून आवाज आला तो आधी मला ओळखूच आला नाही, कारण त्या घरात तो कधी ऐकला नव्हता. मी तशीच कणकेच्या हातांनी धावले. अक्का जमिनीवर बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर त्याच प्रकरणाशी उघडं, चष्मा काढून ठेवलेला, आणि त्या रडत होत्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं.

"अक्का, डोळा! अहो, तुमचा डोळा!" मी ओरडले.

"सुम्मने बस," त्या हुंदक्यांतून म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारलंय मी. रडलं तर चालेल का म्हणून. चालेल म्हणाले."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा कणकेचा हात तसाच धरून ठेवला. फाटकाशी सायकल टेकवल्याचा आवाज झाला. हे आत आले आणि आम्हा दोघींना पाहून दारातच थबकले.

अक्कांनी डोळे पुसले, जरा सरकून चटईवर जागा केली आणि म्हणाल्या, "ये रे. अण्णाबद्दल बोलतोय आम्ही. फोटो घेऊन ये."