थांबणारी वाहने

किनाऱ्यावर गाड्या लावायचे पैसे घ्यायचे की नाही, यावर आमच्या गावात जी ग्रामसभा झाली, तिचा ठराव माझ्या अक्षरात आहे. मी ग्रामपंचायतीचा कोणी नाही. हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. पण ग्रामसेवकांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही, त्यामुळे महत्त्वाचा ठराव असला की ते मला शेजारी खुर्ची देतात. मला ते आवडायचं. माझ्या नावाचा माणूस मराठी शिकवतो याचं नव्या पालकांना अजून नवल वाटतं, आणि त्या नवलाला उत्तर म्हणून मी आयुष्यभर जरा जास्तच शुद्ध लिहीत आलो आहे.

गाव रेवदंड्याच्या अलीकडे. किनाऱ्याला लागून सुरूची झाडं आहेत, झाडांमागे मोकळं मैदान. मैदानाच्या एका अंगाला जांभ्याची छातीइतकी भिंत आणि भिंतीपलीकडे आमचं कब्रस्तान. लहानपणी त्या मैदानात जाळी पसरलेली असत. आता शनिवार-रविवारी तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्या इतक्या दाटीने उभ्या राहतात की मय्यत न्यायची झाली तर आधी दोघातिघांनी पुढे जाऊन गाड्या हलवायला सांगावं लागतं. लोक हलवतात. काही जण गाडीतून उतरून डोकंही उघडं करतात, टोपी घालायची की काढायची ते त्यांना ठाऊक नसतं.

सभा समाजमंदिरात झाली. इतकी माणसं पाणीटंचाईच्या सभेलाही आली नव्हती. सरपंच बाईंनी विषय मांडला: कचरा उचलायला माणूस ठेवायचा आहे, संडास बांधायचे आहेत, ठेका देऊन गाड्यांचे पैसे घेतले तर हे होईल. भजीची टपरी चालवणारी एक बाई उठली. "पैसे लावलेत तर गाड्या पुढच्या गावाला जातील. मग मी भजी काय खेकड्यांना घालू?"

"खेकडे उधारी तरी ठेवणार न्हाईत," कोणीतरी मागून म्हणालं.

होमस्टेवाल्यांपैकी एक जण तिला म्हणाला, "वहिनी, गाडीवाला तेलाला एवढे पैसे घालून येतो, तो पावतीला घाबरून परत जाणार हाय का?" त्याच्या स्वतःच्या पाहुण्यांच्या गाड्या त्याच्याच अंगणात लागतात, हे टपरीवालीने त्याला लगेच ऐकवलं. बराच वेळ असं चाललं. शेवटी बहुतेकांचं होकारावर आलं.

ग्रामसेवकांनी कच्चा मजकूर सांगितला, "मैदानात पार्किंग करणाऱ्या वाहनांकडून." मी लिहिता लिहिता थांबलो. मराठीतल्या ठरावात पार्किंग कशाला, असं मला वाटलं. मी लिहिलं, "मैदानात थांबणाऱ्या सर्व वाहनांकडून." वाचून दाखवलं. ग्रामसेवक म्हणाले, "वा सर, हे बरं वाटतं कानाला."

तेव्हा माझा धाकटा भाऊ उठला. बरीच वर्षं आखातात गाडी चालवून तो परत आला होता आणि गावात रिक्षा चालवत होता. किनाऱ्यावरून अलिबागला जाणारी माणसं मिळावीत म्हणून तो आणि दुसरे चार रिक्षावाले त्याच मैदानात, भिंतीच्या सावलीला उभे राहत.

"थांबणारी म्हंजे कोण?" त्याने विचारलं. "पार्किंग लिवलं तर गाडी लावून फिरायला गेला तो. थांबणारी लिवलं तर आम्ही पन आलो. रिक्षावाला दिवसभर थांबतोच. थांबनं हाच आमचा धंदा."

"मग थांबा की," होमस्टेवाला म्हणाला. "पावती घेऊन थांबा."

लोक हसले. भाऊ हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. "भाई, तो शब्द बदल."

सगळ्या गावासमोर माझ्या शब्दावर बोट ठेवलेलं मला सहन झालं नाही. मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, "साध्या शब्दाचा अर्थ ताणू नकोस. खाली बस."

तो बसला. ठराव मंजूर झाला. त्याने विचारलेला प्रश्न मी इतिवृत्तात घेतला नाही.

घरी आल्यावर अम्मा भाकऱ्या करत होती. तिने सभेचं विचारलं, तर भाऊ म्हणाला, "झाली. पैसे घेनार हायत. भाईनं ठराव लिवला, काय अक्षर हाय त्याचं." एवढंच. मी पाणी प्यायलो आणि माझ्या खोलीत गेलो.

ठेकेदार तालुक्याचा होता. पावत्या फाडायला त्याने गावातलाच माणूस ठेवला, पूर्वी होडीवर खलाशी होता, दोर ओढताना दोन बोटं गेल्यावर घरी बसलेला. ठेकेदाराने ठरावाची प्रत प्लास्टिकमध्ये घालून त्याच्याकडे दिली होती. रिक्षावाल्यांनी हुज्जत घातली की तो ती प्रत काढून 'थांबणाऱ्या सर्व' या शब्दांवर उरलेल्यांतलं एक बोट ठेवायचा. रोज त्याची आणि माझ्या भावाची जुंपायची. भाऊ म्हणायचा, "तुझी बोटं गेली तवा होडीवाल्यानं पावती दिली व्हती काय?" आणि खलाशी म्हणायचा, "तू आखातात गपचूप पैसे भरत व्हतास, हितंच तुला मस्ती." मग दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचे. दुसऱ्या रिक्षावाल्यांनी हळूहळू मैदान सोडलं, रस्त्यावर वडाखाली उभे राहू लागले. भाऊ मात्र जायचा नाही. पावती घेईना आणि जागाही सोडीना.

मार्चमध्ये, दुपारी, तो रिक्षातच गेला.

पुढच्या सीटवर मान टेकून बसला होता. लोकांना वाटलं झोपलाय. तासाभराने टपरीवाली चहाचा ग्लास घेऊन गेली, तेव्हा कळलं. रेवदंड्याहून डॉक्टर आले, ते म्हणाले की होऊन बराच वेळ झालाय. मला शाळेतून बोलावलं. मी पोहोचलो तेव्हा रिक्षाच्या काचेवर, वायपरखाली, पावती लावलेली होती.

खलाशी बाजूला उभा होता. मी काही विचारलं नव्हतं, तरी तो सांगू लागला. "सर, रोज भांडायचा. आज मी म्हटलं पावती, तर काय बोललाच न्हाय. मला वाटलं आज मूड चांगला हाय. म्हणून लावली नि गेलो." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. "काय बोललाच न्हाय."

मी ती पावती काढून खिशात ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे. त्यावर ठरावाचा क्रमांक छापलेला आहे.

भावाला भिंतीलगत जागा मिळाली. तो रोज रिक्षा लावायचा त्याच्या बरोबर पलीकडे, मध्ये फक्त जांभ्याची रुंदी. आमच्याकडे बायका कब्रस्तानात आत जात नाहीत. बाहेर, भिंतीपाशी उभ्या राहून गेलेल्यासाठी फातिहा पढतात. अम्माला उभं राहणं होत नाही. तिचे गुडघे गेलेत. भावाच्या मित्राच्या रिक्षात बसून ती जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर तिकडे जाऊ लागली. हा मित्र आगरी, भावाबरोबर त्याच मैदानात रिक्षा लावणारा. तो भिंतीला खेटून रिक्षा उभी करायचा आणि स्वतः सुरूच्या झाडाखाली जाऊन बसायचा. अम्मा रिक्षातच बसून कुराणातली यासीन पढायची. तिला वाचता येतं ते फक्त कुराण, आणि यासीन तर पाठच आहे. अर्धा तास लागायचा.

चाळिसावा दिवस होईपर्यंत खलाशी त्या रिक्षाकडे फिरकला नाही. त्यानंतर ठेकेदाराने त्याला झापलं असावं. एका जुम्मेराती तो आला, लांब उभा राहून खाकरला आणि मित्राला म्हणाला, "गाडी थांबलीय ना. मला पण हिशेब द्यायचा असतो." मी त्या दिवशी बरोबर होतो. मी पैसे काढले. अम्माने पढता पढता हात वर करून मला अडवलं. यासीन संपवली, तोंडावरून हात फिरवले आणि मग म्हणाली, "माझ्या लेकानं जन्मात ही पावती घेतली न्हाय. त्याच्याकडं यायला मी घेऊ?"

"अम्मा, मी देतो ना."

"तू दिलीस म्हंजे मीच दिली."

पुढच्या खेपेला मी तिला न कळता आधीच पैसे देऊन ठेवले. उतरताना रिक्षात सीटवर पावती पडलेली तिला दिसली. अक्षर वाचता येत नाही, पण तो गुलाबी कागद गावात आता सगळे ओळखतात. त्यानंतरच्या जुम्मेराती मित्र दारात आला तर म्हणाली, "तू जा. मी येत न्हाय." ओटीवर खुर्ची टाकून, किनाऱ्याकडे तोंड करून बसली. मध्ये तीन घरं, एक पाण्याची टाकी आणि होमस्टेचा निळा पत्रा. तिथून तिला काहीच दिसत नव्हतं. पढली मात्र.

असे सात आठवडे गेले. ती जेवायची कमी झाली. मध्येच म्हणायची, "ज्यानं थांबायचा शब्द घातला त्याला आई न्हाय काय?" मी वह्या तपासत असायचो. मान वर करायचो नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की शब्द माझा. तिला अक्षर माझं एवढंच माहीत होतं, शब्दाचं कोणी सांगितलं नाही. भावाने सांगितलं नाही म्हणून बाकीच्यांनीही नाही.

मी सरपंच बाईंकडे गेलो. शब्द बदलायला हवा, म्हणालो. बाई चांगल्या आहेत. त्यांनी मला बसवलं, पंखा लावला, आणि म्हणाल्या, "सर, करारात ठरावाचाच मजकूर गेलाय. ठेका संपेपर्यंत ठेकेदार ऐकणार नाही. तरी ग्रामसभेत घेऊ." सभा लावली. कोरम झाला नाही. पुन्हा लावली. तेव्हा होमस्टेवाला म्हणाला, रिक्षांना सूट दिली की उद्या टेम्पोवाले येतील, परवा पाहुणे सांगतील आम्ही गाडीतच बसलोय. कोणी मोठ्याने विरोध केला नाही, कोणी बाजूही घेतली नाही. "सर, तुम्हीच घातलेला शब्द," ग्रामसेवक हळूच म्हणाले. तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. विषय पुढच्या सभेवर गेला. या वेळी इतिवृत्त लिहायला मी बसलो नव्हतो.

शेवटी वाट काढली ती भावाच्या मित्राने. संध्याकाळी घरी आला आणि अम्मासमोर उकिडवा बसला. "चाची, थांबलं तर पावती ना? मग आपन थांबायचंच न्हाय."

"म्हंजे?"

"मी गाडी फिरवत राहीन. गोल. तुमी पढा."

 भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा अम्माच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. "तुला डिझेल फुकट मिळतं?"

"माझी सीएनजी हाय चाची."

पुढच्या जुम्मेराती आम्ही गेलो. मी तिच्या शेजारी बसलो, एक हात तिच्या पाठीमागे धरून. मित्राने रिक्षा पहिल्या गिअरमध्ये ठेवली. भिंतीच्या कडेने, मग सुरूच्या रांगेपाशी वळून, टपरीसमोरून, परत भिंतीकडे. मैदानात खड्डे आहेत. प्रत्येक खड्ड्याला अम्माचं पढणं तुटायचं. भिंत जवळ आली की ती दुआसाठी हात उचलायची, भिंत मागे पडली की हात मांडीवर यायचे. खलाशी झाडाखाली पावतीपुस्तक घेऊन उभा होता. आम्ही दोनदा त्याच्या समोरून गेलो. त्याने पुस्तक उघडलं नाही, ठेवूनही दिलं नाही. टपरीवाली कढईतला झारा हातात धरून बघत होती. मुंबईच्या एका गाडीतल्या मुलीने मोबाइल वर केला, तर टपरीवालीने तिला काहीतरी म्हटलं आणि तिने तो खाली घेतला.

तिसऱ्या फेरीला अम्मा मध्येच थांबली. "कुठपर्यंत आले व्हते मी?"

मी ऐकत नव्हतो. मी चाकांकडे बघत होतो, ती थांबू नयेत म्हणून.

"चक्कर येते काय?" मी विचारलं. "घरी जाऊ या का?"

"न्हाय." मग म्हणाली, "त्या सभेत त्यानं काय विचारलं व्हतं? तो उठला व्हता असं लोक बोलतात."

रिक्षा सुरूपाशी वळत होती. मित्राने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि नजर समोर नेली.

मी म्हणालो, "त्याने शब्द बदलायला सांगितला होता. थांबणारी हा शब्द. तो माझा होता, अम्मा. मीच घातला."

"मग तू काय म्हणालास?"

"खाली बस म्हणालो."

आम्ही टपरीसमोरून गेलो. भिंत जवळ येऊ लागली. माझा हात तिच्या पाठीमागे होता, तो काढावा की तसाच ठेवावा हे मला कळेना. ती भिंतीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. भिंत आली, बाजूने सरकली, मागे गेली. या वेळी तिने हात उचलले नाहीत.

"हळू चालव," ती मित्राला म्हणाली. "पन थांबू नको."

मग तिने पदर सारखा केला आणि यासीन पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.